दोन ठिपक्यांचा रातकिडा

पावसाळा सरत आला, हस्ताच्या सरी पडून गेल्या व रब्बीची पेर उरकली, म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानापलीकडील शेतांतून रात्रीं जो अखंड नाद ऐकूं येतो, तो वसतिगृहांतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. दिवे लागणीला एक रातकिडा सुरू करतो, त्याला दुसरा उत्तर देतो, आणि जेवणें आटोपून मुलें अभ्यासाला बसतात न बसतात तोंच सारें शिवार एकाच सुरांत बोलूं लागतें. गेल्या सहामाही परीक्षेच्या वेळीं दहावींतील कांहीं मुलें आमच्याकडे आलीं व म्हणालीं, "सर, ह्या किड्यांमुळें पाठांतर होत नाहीं. बिळांत थोडें रॉकेल ओतलें तर चालेल काय?" आम्हीं परवानगी दिली नाहीं. परंतु नुसतें "नाहीं" म्हणणें हें कांहीं उत्तर नव्हे, व आमच्या मनांत जें होतें तें त्या रात्रीं सांगावयास वेळही नव्हता. तें उत्तर येथें देत आहों.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. रातकिडा मागचे पाय पंखांवर घासून आवाज काढतो, असें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. आम्हांसही लहानपणीं कोणी तसेंच सांगितलें होतें, आणि जें एकदां पाठ झालें तें तपासून पाहण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. मग एके दिवशीं सातवींतील एक मुलगा कंदिलाच्या काचेंत एक रातकिडा घेऊन आला. काचेचें वरचें तोंड त्यानें फडक्यानें बांधलें होतें. तो म्हणाला, "सर, हा गातो तेव्हां ह्याचे पाय हलत नाहींत." संध्याकाळीं दिवा मंद करून आम्हीं दोघे त्या काचेपाशीं अर्धा तास निमूटपणें बसलों. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पाय पंखांवर घासतात ते नाकतोडे. रातकिडा पंखावर पंख घासतो. दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं फळ्यावरचें वाक्य पुसून नवें लिहिलें, आणि तें त्या मुलाकडूनच लिहविलें.

'रातकिडा' हें नांव आपल्याकडे अनेक किड्यांना सरसकट दिलें जातें. ज्याच्याविषयीं आम्ही लिहीत आहों तो शेतांतला काळा, दणकट, चकचकीत रातकिडा होय. लांबी सुमारें एक इंच. डोकें वाटोळें व मोठें. मिशा शरीराहून लांब व सदा हालणाऱ्या. मागच्या मांड्या उडीसाठीं जाड झालेल्या. पंख जेथें पाठीला जोडलेले असतात तेथें पिवळसर रंगाचे दोन ठिपके असतात, व तीच त्याची खूण. स्वीडन देशाच्या चार्ल्स डी गीर नामक कीटकशास्त्रज्ञानें इ. स. १७७३ मध्यें ह्याचें वर्णन केलें व ह्या ठिपक्यांवरूनच त्याला ग्रिलस बायमॅक्युलेटस, म्हणजे 'दोन डागांचा रातकिडा', असें नांव दिलें. आफ्रिका खंड, युरोपचा दक्षिण किनारा आणि हिंदुस्थानासह आशियाचा बराचसा उष्ण प्रदेश एवढा विस्तीर्ण त्याचा मुलूख आहे.

त्याला घर बांधण्याचा सोस नाहीं. काळ्या रानाला पडलेल्या भेगा, बांधावरच्या दगडांखालची पोकळी, कडब्याच्या गंजीचा तळ, वाळलेल्या शेणाखालची ओलसर जागा, जेथें दिवसा अंधार व थोडा गारवा मिळेल तेथें तो राहतो. फार तर जागा पुरेशी नसली तर पायांनीं थोडी माती उकरतो. सूर्य मावळल्यावर बाहेर येतो आणि भेगेच्या तोंडाशीं बसून गाऊं लागतो. गाणारा नेमका कोठें आहे हें शोधणें मात्र कठीण. पाऊल वाजलें कीं जमिनीचा कंप त्याला कळतो व तो गप्प होतो. मुलांनीं ही युक्ति करावी: दोघांनीं दोन बाजूंनीं, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलांवर, निश्चल उभें राहावें व आवाज जिकडून येतो तिकडे प्रत्येकानें हात करावा. दोन हातांच्या रेषा जेथें मिळतील तेथें तो असतो. भूमिति ही केवळ परीक्षेसाठीं नसते, हें ह्या खेळांत आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रथम पटलें.

आतां त्याचें वाद्य पाहूं. गाणारा तो नरच. मादी मुकी असते. नराचे पुढचे दोन पंख जाड असून पाठीवर एकावर एक बसतात, उजवा वर व डावा खालीं. उजव्या पंखाच्या खालच्या अंगास एक जाड शीर आडवी गेलेली असते व तिच्यावर कानशीप्रमाणें बारीक दांत असतात, शंभराहून अधिक. डाव्या पंखाच्या कडेला एक टणक धार असते. गातांना नर दोन्ही पंख थोडे उभारतो आणि उघडमीट करतो. पंख उघडतांना आवाज होत नाहीं. मिटतांना ती धार कानशीच्या दांतांवरून सरकते, आणि प्रत्येक दांताबरोबर पंखाचा ताणलेला पापुद्रा एकदां कांपतो. हीं कंपनें सेकंदाला सुमारें ४,८०० भरतात. पियानोच्या अगदीं टोकाच्या पट्टीचा स्वर सुमारें ४,२०० कंपनांचा असतो, म्हणजे आमच्या ह्या गवयाचा षड्ज पियानोच्या आवाक्याबाहेरचा आहे! पंख एकदां मिटण्यास सेकंदाचा सुमारें पन्नासावा भाग लागतो. गणिताची आवड असलेल्यांनीं हिशेब करावा: तेवढ्या वेळांत सुमारें शंभर दांत धारेखालून जातात. अशीं तीन ते पांच आवर्तनें लागोपाठ झालीं कीं आपल्या कानाला एक 'किर्र' ऐकूं येतें. आणि असे दोन-तीन 'किर्र' एका सेकंदांत होतात. काचेंतील त्या किड्याचे पंख गातांना धुक्यासारखे अस्पष्ट दिसत होते, त्याचें कारण हेंच.

हें सारें कोणासाठीं? मादीसाठीं. तिचे कान डोक्याला नसून पुढच्या पायांना, गुडघ्याच्या किंचित् खालीं असतात. एक लहानसा पांढुरका पडदा, एवढेंच त्या कानाचें बाह्यरूप. आंतून हे दोन्ही कान श्वासनलिकांनीं एकमेकांशीं व छातीच्या बाजूंवरील छिद्रांशीं जोडलेले आहेत. त्यामुळें इतकें लहान शरीर असूनही आवाज डावीकडून येतो कीं उजवीकडून हें तिला चोख समजतें. ती गाण्याच्या दिशेनें चालूं लागते, मध्येंच थांबते, दिशा सुधारते, पुन्हां चालते. परंतु नराच्या गंधानें किंवा दर्शनानें नव्हे, केवळ नादानेंच ती ओढली जाते हें सिद्ध कसें करावें? व्हिएन्ना येथें इव्हान रेगेन नांवाच्या स्लोव्हेनियन शास्त्रज्ञानें १९१३ सालीं ह्याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें युरोपांतील शेतरातकिड्याचा नर एका जागीं टेलिफोनपुढें गावयास ठेवला, व दुसऱ्या जागीं टेलिफोनच्या कानांत बोलणाऱ्या भागापाशीं मादी सोडली. नराचा मागमूसही तेथें नव्हता. तरीही मादी त्या यंत्राकडे चालत गेली. टेलिफोनवरून झालेल्या अनेक संभाषणांत हें एक आम्हांस फार आवडतें.

येथें चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, इतक्या जवळून इतका कर्कश आवाज काढणारा नर स्वतः बहिरा कसा होत नाहीं? ह्याचें उत्तर आमच्या विद्यार्थिदशेंत कोणालाच ठाऊक नव्हतें. केंब्रिज येथील जेम्स पूले व बर्थोल्ड हेडविग ह्यांनीं २००६ सालीं तें शोधून काढलें, तेंही ह्याच दोन ठिपक्यांच्या रातकिड्यांत. ह्या किड्याच्या मज्जासंस्थेंत एक विशिष्ट मज्जापेशी आहे. पंख मिटण्याची आज्ञा सुटते त्याच क्षणीं ती पेशी कानाकडून येणाऱ्या मार्गाला इशारा देते आणि तेवढ्यापुरतें श्रवण दाबून टाकते. दोन आवर्तनांच्या मधल्या फटींत कान पुन्हां उघडा. म्हणून तो गातही असतो आणि शत्रूची चाहूलही घेत असतो.

गाणीं मात्र तीन आहेत. दूरच्या मादीला बोलावण्याचें तें पहिलें, आपण ऐकतों तें. मादी जवळ येऊन पोंचली कीं तो स्वर बदलतो आणि हळू, बारीक टिकटिकींत गातो. तें ऐकावयाचें तर कान काचेला लावावा लागतो. तिसरें गाणें भांडणाचें. दोन नर समोरासमोर आले कीं आधीं मिशांनीं मिशा चाचपतात, मग जबडे वासतात, आणि कोणीच माघार घेतली नाहीं तर जबड्यांत जबडे अडकवून एकमेकांस रेटतात. हरलेला निमूटपणें निघून जातो. जिंकलेला मोठ्यानें गातो. हरलेल्याची भांडण्याची हिंमत पुढें कित्येक तास परत येत नाहीं. चीन देशांत रातकिड्यांच्या झुंजी लावणारे लोक हरलेल्या किड्याला हातांत घेऊन वर उडवीत व झेलीत, म्हणजे तो पुन्हां लढावयास तयार होतो अशी त्यांची समजूत होती. ही भाबडी समजूत असावी असें कोणालाही वाटेल. परंतु हान्स हॉफमन व पॉल स्टीव्हन्सन ह्यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, पराभूत रातकिड्याला थोडा वेळ उडावयास लाविलें तर त्याचें गेलेलें धैर्य खरोखरच परत येतें.

गाणें म्हणजे आमंत्रण, आणि आमंत्रण नेहमीं पाहुण्यालाच पोंचतें असें नाहीं. ह्याचें सर्वांत चमत्कारिक उदाहरण हवाई बेटांतील काऊआई येथें घडलें. तेथें ह्या किड्याचा एक चुलतभाऊ राहतो. उत्तर अमेरिकेंतून आलेली ऑर्मिया नांवाची एक माशी त्याच्या गाण्याचा माग काढून येते व त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या शरीरांत शिरतात, आंतूनच वाढतात आणि सुमारें आठवड्यानें किड्याला मारून बाहेर पडतात. गाणारे असे मरत गेले. आणि ज्यांच्या पंखांची ठेवण जन्मतःच बिघडलेली, ज्यांना गातांच येत नव्हतें, ते वांचले. वीस पिढ्यांच्याही आंत, २००३ सालापर्यंत, त्या बेटावरील दहांपैकीं नऊ नरांहून अधिक मुके झाले होते. ते पंख अजून हलवितात, पण नाद निघत नाहीं. जे थोडे गाणारे उरले त्यांच्या आसपास दबा धरून बसतात, आणि गाणें ऐकून येणाऱ्या मादीला मध्येंच गांठतात. मुलांनो, किडा पंख हलवीत आहे आणि ऐकूं कांहींच येत नाहीं, असें दृश्य डोळ्यांपुढें आणून पाहा.

आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावी अशी आहे. रातकिड्याच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. हवा गरम तर तोही चपळ, हवा थंड तर तोही मंद. म्हणून उष्ण रात्रीं 'किर्र' भराभर येतात व थंडींत रेंगाळतात. अमेरिकेंतील आमोस डॉलबेअर ह्यानें १८९७ मध्यें त्यावरून एक नियमच बसविला: पंधरा सेकंदांतील 'किर्र' मोजावे, त्यांत चाळीस मिळवावे, म्हणजे फॅरनहाइट उष्णमान निघतें. हा नियम तिकडच्या झाडावर राहणाऱ्या किड्याला लागू पडतो; आपल्या शेतांतल्या रातकिड्याला नाहीं. आपला नियम आपणच शोधावयाचा आहे. त्याला लागतें एक घड्याळ, एक उष्णतामापक व दोन महिन्यांची चिकाटी. पैकीं पहिल्या दोन वस्तु शाळेंतून मिळतील.

आतां त्याचें आयुष्य. मादीच्या शरीराच्या टोकास दाभणासारखी एक सरळ लांब नळी असते. मुलें तिला नांगी समजून घाबरतात; ती नांगी नव्हे. ती नळी ओलसर मातींत रोवून मादी एकेक अंडें खालीं सोडते. अंडें तांदळाच्या बारीक कणीसारखें, पिवळसर पांढरें व लांबट. एक मादी आपल्या आयुष्यांत शेंकडों अंडीं घालते. माती कोरडी झाली तर तीं सुकून जातात. म्हणूनच आमच्या तर्कानें पावसाची ओल ह्या वंशाला इतकी मानवते. ऊब चांगली असली तर दहा-बारा दिवसांत पिलूं बाहेर पडतें. ह्याच्या आयुष्यांत फुलपांखराप्रमाणें अळी नाहीं व कोशही नाहीं. पिलूं पहिल्या दिवसापासून रातकिड्यासारखेंच दिसतें, केवळ मुंगीएवढें आणि बिनपंखी. तें आठ-नऊ वेळां कात टाकतें व दर वेळीं थोडें मोठें होतें. कात टाकल्यावर कांहीं वेळ त्याचें अंग अगदीं पांढरें व मऊ असतें. वसतिगृहाच्या न्हाणीजवळ एकदां असा पांढरा रातकिडा सांपडला तेव्हां ही नवी जात आहे म्हणून केवढा गलबला झाला होता! दुपारपर्यंत ती 'नवी जात' काळी झाली. टाकलेली कात बहुधा तो स्वतःच खाऊन टाकतो. घरचें धान्य वायां जाऊं देत नाहीं.

पिलूं असतांना पाय तुटला तर पुढच्या तीन-चार कातींत तो पुन्हां उगवतो. मोठेपणीं ही सोय नाहीं, कारण शेवटची कात टाकून पंख आले कीं पुन्हां कात नाहीं. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून पंख येईपर्यंत दीड-दोन महिने लागतात, आणि पंख आल्यावर उणापुरा महिना-दोन महिने एवढेंच त्याचें गाणें. थंड देशांतील भाऊबंद हिंवाळाभर बिळांत झोंपून राहतात; ह्याला तशी विश्रांति ठाऊक नाहीं. एका पिढीमागून दुसरी, हें चक्र चालूच राहतें.

पाठीमागून झडप घालून त्याला पकडूं पाहणाऱ्यांस एक सूचना. शेपटाकडे जे दोन टोंकदार अवयव दिसतात त्यांवर अत्यंत नाजूक केंस आहेत. हाताच्या झपाट्यानें हाललेली हवा त्यांना आधीं लागते, आणि हात पोंचेपर्यंत किडा दोन हात दूर गेलेला असतो.

आमचे बरेचसे पालक शेतकरी आहेत, व हें सारें वाचून ते म्हणतील, "मास्तर, गाणें ठीक आहे, पण आमचे कोंब कोण खातो?" त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. रातकिडा कोवळे कोंब कुरतडतो, आणि त्यांची संख्या फार वाढली तर नुकतीच उगवलेली ओळ बसते. परंतु तो केवळ कोंबांवर जगत नाहीं. मेलेले किडे, लहानसहान जिवंत कीटक, गळलेला पाला, तणाचें बीं, जें मिळेल तें तो खातो. आणि बेडूक, सरडे, पाली, घुबडें ह्यांचें पोट पुष्कळ अंशीं त्याच्यासारख्यांवरच भरतें. मोजून पाहिल्यावांचून त्याला सरसकट शत्रु ठरवूं नये, एवढीच आमची विनंति.

मोजण्याला केव्हां उशीर होतो ह्याचें एक उदाहरण इंग्लंडांत घडलें. सेलबोर्न गांवीं गिल्बर्ट व्हाइट नांवाचे धर्मोपदेशक राहत असत. त्यांचा सृष्टिनिरीक्षणाचा ग्रंथ १७८९ सालीं प्रसिद्ध झाला, व त्यांत युरोपांतील शेतरातकिड्याचें मोठें प्रेमळ वर्णन आहे. बीळ खणूं गेलें कीं किडा चिरडतो, म्हणून त्यांनीं गवताची लवचिक काडी हळूच बिळांत सरकवून त्याला बाहेर येण्यास लाविलें. ही युक्ति आमच्या मुलांना कोणीं न शिकवितां येते! त्या काळीं हे किडे तेथें विपुल होते. पुढें कुरणें नांगरलीं गेलीं, माळ झुडपांनीं भरले, आणि गेल्या शतकाच्या शेवटीं शेवटीं त्या सबंध देशांत शंभराहूनही कमी किडे, तेही वेस्ट ससेक्समधील एकाच जागीं, उरले. मग लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास करून ते निरनिराळ्या माळांवर नेऊन सोडण्यांत आले, आणि आतां कांहीं ठिकाणीं त्यांचें गाणें पुन्हां ऐकूं येतें. एका किड्यासाठीं केवढे हे परिश्रम!

आपल्या दोन ठिपक्यांच्या रातकिड्यावर तशी वेळ आलेली नाहीं. तरी आमच्या मैदानावर एक गोष्ट झाली आहे ती पालकांपुढें मांडावीशी वाटते. दोन वर्षांपूर्वीं मैदानाच्या कोपऱ्यांत मोठा विजेचा दिवा बसविण्यांत आला. तो पालकांच्याच आग्रहानें बसला, व तो आग्रह योग्य होता. मुलें रात्रीं भोजनगृहांतून परत येतांना त्याच वाटेनें येतात, आणि त्या वाटेवर सापही निघतात. पण दिवा रात्रभर जळतो. त्याच्याखालीं रातकिडे पुष्कळ सांपडतात, कारण ते उडून उजेडाकडे येतात, आणि बेडूक तेथें पंगतीला बसावे तसे बसलेले असतात. इस्राएलांतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं ह्याच जातीवर केलेलें संशोधन प्रसिद्ध झालें. जन्मापासून ज्यांच्या रात्रीं उजेड होता अशा रातकिड्यांचें गाण्याचें वेळापत्रकच ढळलें. रात्र कोणती व दिवस कोणता ह्याचा मेळ त्यांतील पुष्कळांस राहिला नाहीं. आमच्या दिव्याखालीं तसेंच होत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं अद्याप मोजलेलें नाहीं.

तें मोजावयास आतां आरंभ झाला आहे. ज्यांनीं रॉकेल मागितलें होतें त्यांतील तिघे आणि कंदिलाच्या काचेचा तो मुलगा, जो आतां नववींत आहे, असे चौघे रोज रात्रीं नऊ वाजतां दोन वह्या घेऊन निघतात. एक वही दिव्याजवळच्या गवताची, दुसरी पलीकडच्या अंधाऱ्या बांधाची. पांच मिनिटांत किती निरनिराळे गाणारे ऐकूं आले एवढेंच लिहावयाचें. अभ्यासाची घंटा झाल्यावर, म्हणजे दहानंतर, दिवा मालवावा किंवा नाहीं हा प्रश्न येत्या पालकसभेपुढें यावयाचा आहे, आणि त्या वेळीं दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या जातील. ज्यांना मोजणीविषयीं शंका असेल त्यांनीं एखाद्या रात्रीं नऊ वाजतां मैदानावर यावें. बॅटरी मुलांपाशीं आहे.